भुताचा डावा पाय

वेब सिरीज काढणाऱ्या मुंबईच्या एका कंपनीनं आमच्या गुंडूआण्णांना फसवलं. एका दिवसाच्या शिफ्टवर बोलावलं, त्यांची चाल काढून घेतली आणि माणूस घरी पाठवून दिला. ती चाल आता घराघरांतल्या टीव्हीवर चालते आहे, आणि गुंडूआण्णा उचगावात मागच्या बोळातून दूध आणायला जातात. हा सौदा मी ठरवला होता. म्हणून हे लिहायचं कामही माझंच.

अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं होतं, "आक्का, तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा." गमती आहेत. त्या सांगते. पण शेवटी मला जे विचारायचंय ते विचारल्याशिवाय मी लेख संपवणार नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेवलंय.

मी सिनेमाला माणसं पुरवते. पडद्यावर लग्न असतं, तेव्हा नवरा-नवरी कंपनी आणते. अक्षता टाकणारे मी आणते. अंत्ययात्रेतलं प्रेत त्यांचं, मागून चालणारे माझे. बाजार, जत्रा, निवडणुकीची सभा, कोर्टाच्या बाहेर उभे असलेले लोक, बसच्या टपावरचे लोक, सगळे माझे. कोल्हापुरात सिनेमा जुना असल्यामुळं हा धंदाही जुना आहे. पूर्वी तो पुरुषच करायचे. त्यांच्यात मी शिरले ती भाजीच्या बुट्टीसकट.

मी मंडईत भाजी विकत होते. एका सिनेमात बाजाराचा सीन होता. त्यांना खरी भाजीवाली हवी होती, म्हणून मला बुट्टीसकट उचलून नेलं. हिरो येणार, मेथीचा भाव विचारणार, थोडी घासाघीस करणार आणि मी भाव कमी करणार, असं ठरलं होतं. हिरो आला, त्यानं भाव विचारला आणि निम्म्यानं मागितली. मी म्हटलं, "पावणं, मेथी घ्यायची हाय का वास घ्यायला आलाय?" तो हसला आणि त्यानं पुन्हा तशीच मागितली. मी पुन्हा नाही म्हटलं. दिग्दर्शक लांबून ओरडतोय, "बाई, कमी करा, कमी करा." मी म्हटलं, "ह्या भावात मला परवडत न्हाय. तुमी भरून देताय का?" शेवटी हिरोनंच पूर्ण भावानं मेथी घेतली आणि सीन तसाच ठेवला. संध्याकाळी उन्हानं सुकलेल्या भाजीचेही पैसे मी त्यांच्याकडून वसूल केले. दुसऱ्या दिवशी त्यांचा माणूस मंडईत आला. "आक्का, तुमच्यासारख्या आणखी धा बाया मिळतील का?" माझ्यासारख्या मिळणार नाहीत, पण धा बाया मिळतील, असं मी सांगितलं आणि धंदा सुरू झाला.

बाहेरच्यांना वाटतं, गर्दी जमवायला काय लागतं? गर्दी जमवायला काही लागत नाही. गर्दी धरून ठेवायला लागतं. माणसानं कॅमेऱ्याकडं बघायचं नाही. हिरोईन आली तर हसायचं नाही. सकाळी जी साडी नेसून आलात तीच संध्याकाळपर्यंत ठेवायची, कारण पडद्यावर ती सगळी पाच मिनिटांची गोष्ट असते. लग्नात पुढच्या रांगेत दिसलेला चेहरा त्याच सिनेमाच्या मयताला चालत नाही. त्याला आम्ही म्हणतो चेहरा जळला. पण पाठ जळत नाही. पाठ कितीही वेळा विकता येते. म्हणून मी पहिल्यापासून वेगळे दर लावले. चेहऱ्याचा दर वेगळा, पाठीचा वेगळा. ओरडायचं असेल तर वेगळा, पाण्यात उतरायचं असेल तर वेगळा. म्हैस घेऊन येणाऱ्याचा वेगळा आणि म्हशीचा त्याहून जास्त, कारण माणूस उशीर झाला तर थांबतो, म्हैस धारेच्या वेळेला थांबत नाही. पुरुष को-ऑर्डिनेटर आधी हसले. नंतर त्यांनीही तेच दर लावले.

रडण्याचा दर मात्र हौसाबाईमुळं ठरला. हौसाबाई आमच्या गल्लीतली. मयताच्या सीनला तिला रडायला सांगितलं, तर ती खरीच रडायला लागली. कट झाला, चहा आला, तरी हिचं सुरूच. दिग्दर्शक घाबरला. "आक्का, ह्यांना काय झालं?" मी जवळ जाऊन म्हटलं, "हौसे, झाला की सीन. गप की." ती हुंदक्यातूनच म्हणाली, "आता सुरू झालंय न्हवं, हून जाऊ दे. घरात कुठं सवड मिळतीया." युनिट तिच्यासाठी थांबलं. त्या दिवसापासून रडणाऱ्या बाईला मी दीड हजेरी लावते.

एकदा एक सहायक दिग्दर्शक म्हणाला, "मला अस्सल शेतकरी हवेत." मी अस्सल शेतकरीच नेले होते. सगळे इस्त्रीचे शर्ट घालून, केस विंचरून आलेले, दोघांच्या डोळ्यांवर गॉगल. तो म्हणाला, "हे चालणार नाहीत, हे नकली वाटतात." मी सगळ्यांना ट्रकमागं नेलं, कपडेपटातली मळकी धोतरं नेसवली, थोडी माती लावली आणि त्याच माणसांना परत आणलं. तो खूश. "बघा, असे पाहिजेत." मी त्याच्याकडून अस्सल शेतकऱ्याचा जादा दर घेतला. उसाचं बिल कधी निघतंय यावर मागं भांडण करत बसलेली माणसं होती ती, आणि त्यांना अस्सल करायला धोतर लागलं.

तर अशी मी. माझ्या तोंडाला लागायला युनिटवाले घाबरतात. जेवण कमी पडलं म्हणून एकदा मी जनरेटरच्या गाडीपुढं आडवी बसले होते, मटणाचं दुसरं पातेलं येईपर्यंत उठले नाही. हे सगळं सांगण्याचं कारण एवढंच, की गुंडूआण्णांच्या बाबतीत कुणी भोळी बाई फसली असं वाचकांनी समजू नये.

आता गुंडूआण्णा.

गुंडूआण्णा उचगावचे. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत कामाला होते. तिथं वितळलेलं लोखंड साच्यात ओततात. एकदा ओतताना ते सांडलं आणि त्यांच्या डाव्या पायावर आलं. पाय वाचला, पण बोटं एकमेकांना चिकटून बसली. तेव्हापासून त्यांची चाल बदलली. आधी डावी टाच थोडी ओढत पुढं येते, मग कंबर उचलते, मग पाऊल आडवं पडतं. बरं झाल्यावर त्यांना सायकल चालवता येईना, पण आधार लागायचा, म्हणून ते सायकल हातात धरून उचगाव ते शिरोली चालत जायचे. सायकल उजव्या अंगाला, उजवा हात हँडलवर. पुढं आधाराची गरज संपली, सायकल गोठ्यात गेली, पण हात तसाच राहिला. आजही चालताना त्यांचा उजवा हात अर्धा मिटलेला असतो, आणि डावीकडं वळताना तो हात हवेतच थोडा पुढं सरकतो. हँडल वळवल्यासारखा.

फौंड्री सुटल्यावर ते माझ्या गर्दीत येऊ लागले. एका सिनेमात त्यांना जत्रेत उभं केलं होतं. दिग्दर्शक होते आमचे बापू. बापू आता नाहीत. दुपारच्या सुट्टीत गुंडूआण्णा चहाकडं चालले होते आणि बापूंनी त्यांना बघितलं.

"ए, चहाला गेलतास तसा पुन्हा जा बघू."

"चहा संपलाय की."

"संपू दे. नुसतं चाल."

गुंडूआण्णा चालले. बापू आधी हसले. मग हसायचे थांबले. कॅमेरामनला म्हणाले, "आधी हसू येतंय आन् मग पाठीतनं गार जातंय. का रं असं?"

कॅमेरामन म्हणाला, "बापू, त्यो पाय टाकायच्या आधी खाली जमीन हाय का न्हाय ते बघतोय. जमिनीवर इस्वास न्हाय त्याचा. म्हणून."

त्यातून गुळव्या जन्मला. गुऱ्हाळात उसाचा रस काहिलीत उकळतो, तेव्हा पाक तयार झाला की नाही हे ज्याला नजरेनं कळतं तो माणूस म्हणजे गुळव्या. बापूंच्या सिनेमातला गुळव्या उकळत्या काहिलीत पडून मरतो आणि भूत होऊन गावात फिरतो. कुणाला मारत नाही. फक्त माणसाच्या मागं येऊन उभा राहतो आणि विचारतो, "पाक आला का?" ज्याच्या पोटात पाप असेल तो खरं बोलून टाकतो. लोकांनी तो डोक्यावर घेतला. बापूंनी त्याचे आणखी दोन भाग काढले. आमच्याकडं लग्नाच्या पंगतीत आचाऱ्याला अजून लोक चिडवतात, "पाक आला का?"

गुंडूआण्णांच्या तोंडाला मळी फासलेली असायची, म्हणजे रस उकळताना वर येतो तो काळा फेस. चेहरा कधीच दिसला नाही. आवाज त्यांचा, चाल त्यांची. आणि नाव? बापूंची कल्पना अशी, की भुताचं नाव सांगितलं की भूत मेलं. म्हणून तिन्ही सिनेमांत नावांच्या पाटीवर शेवटी यायचं 'आणि गुळव्या', आणि त्यापुढं प्रश्नचिन्ह. पब्लिकला वाटायचं, खरं भूत आणलंय. बापूंनी आम्हा सगळ्यांकडून शब्द घेतला होता आणि आम्ही तो पाळला. उचगावात चार घरांना माहीत होतं. त्यांनीही बाहेर सांगितलं नाही. गुंडूआण्णांना त्याची मौज वाटायची. थिएटरात ते शेवटच्या रांगेत बसायचे आणि घाबरलेल्या माणसाला पाणी द्यायचे.

मग मध्ये कितीतरी वर्षं गेली. बापूंच्या मुलानं सिनेमांचे हक्क विकले आणि ते फिरत फिरत त्या मुंबईच्या कंपनीकडं आले. गुळव्याची वेब सिरीज निघणार, असं मला कळलं ते निशांत नावाच्या माणसाच्या फोनवरून. कंपनीत तो क्रिएटिव्ह का काहीतरी होता. तरुण, गोड बोलणारा. मला 'मॅम' म्हणायचा. जत्रेच्या सीनला माणसं हवी होती, ती ठरली. मग तो म्हणाला, "मॅम, ओरिजिनल गुळव्या कोणी केला होता, तुम्हाला माहिती असेल ना? आम्हाला त्यांना भेटायचंय. एक टेस्ट घ्यायची आहे."

बापूंचा शब्द होता. पण बापू गेले होते, आणि गुंडूआण्णांना पुन्हा काम मिळणार होतं. मी उचगावात गेले. गुंडूआण्णा ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. मी सांगितलं, तसा त्यांचा हात थांबला.

"आता माझ्यानं हुईल का गं?"

"काय करायचं असतंय त्यात? चालायचं असतंय."

त्यांची बायको इंदूवहिनी आतून म्हणाली, "आक्का, ह्यास्नी घिऊन जावा बाई. दिसभर ओट्यावर बसून मलाच इचारत्यात, पाक आला का."

मी निशांतशी सौदा केला. एका दिवसाला भुताचा दर, म्हणजे साध्या शिफ्टच्या दुप्पट. उचगावातून गाडी दारापासून दारापर्यंत. पळायला सांगायचं नाही. अंगावर पाणी टाकायचं नाही. जेवणात मटण, आणि ते हॉटेलचं नको, मी सांगीन त्या बाईकडचं. प्रत्येक अटीला तो म्हणाला, "डन, मॅम." एकदाही घासाघीस केली नाही. मंडईत माझ्या आईनं मला शिकवलं होतं, जे गिऱ्हाईक भाव न करता घेतं त्याची पिशवी बघावी. मी पिशवी बघितली नाही. मी खूश होते.

टेस्ट कोल्हापुरातल्या एका लॉनच्या हॉलमध्ये झाली, भरदुपारी. मला वाटलं होतं कपडे असतील, मळी असेल. त्यांनी गुंडूआण्णांना काळा, अंगाला घट्ट बसणारा पोशाख घातला आणि त्यावर जागोजागी छोटे पांढरे गोळे चिकटवले. चहूबाजूंनी कॅमेरे. गुंडूआण्णा आरशासमोर उभे राहून म्हणाले, "आक्का, कसा दिसतोय?"

"पावसाळ्यातला बेडूक."

"बेडकाला मटण दिणार हाईत न्हवं?"

मग चालणं सुरू झालं. हळू चाला. जोरात चाला. वळा. डावीकडून वळा. पायऱ्या चढा. बसा, उठा. ओझं घेऊन चाला. दारू प्यालेल्या माणसासारखं चाला. रागात चाला. गुंडूआण्णांनी मधेच जोरात "पाक आला का?" म्हटलं, तर संगणकापाशी बसलेला मुलगा म्हणाला, "काका, आवाज नको. फक्त चाला." ते दमले, तसं मीच म्हटलं, "आण्णा, कंटाळा करू नका. चांगलं चालून दावा, काम गावलं पायजे." त्यांनी सगळं पुन्हा चालून दाखवलं. शेवटी एक कागद आला, प्रत्येक शिफ्टला येतो तसा. इंग्रजीत होता. मी त्यातला आकडा बघितला. तो बरोबर होता. गुंडूआण्णांनी सही केली.

निघताना मी विचारलं, "शूटिंग कवा?"

निशांत म्हणाला, "कळवतो, मॅम."

गुंडूआण्णांनी दाढी वाढवली. केस कापले नाहीत. पायाला तेल लावून ओट्यावर फेऱ्या मारायचे. जत्रेच्या सीनसाठी मी माणसं नेली तेव्हा गुळव्याचं काम बघावं म्हणून शोधलं, तर एक उंच, तरुण, नाव असलेला नट गुळव्या झाला होता. तो आपला साधाच चालत होता. मी म्हटलं, याच्यात काय गुळव्या दिसत नाही. हे लोक पडणार. आतून मला बरं वाटलं.

सिरीज आली तेव्हा आम्ही ती गुंडूआण्णांच्या घरी सकाळी लावली. इंदूवहिनी, मी आणि ते. जत्रा आली, माझी माणसं दिसली. मग उसाच्या फडाच्या कडेनं गुळव्या आला. अंग त्या नटाचं, तोंड त्या नटाचं. पण डावी टाच ओढत आली, कंबर उचलली आणि पाऊल आडवं पडलं.

इंदूवहिनी म्हणाली, "ह्यो तुमचाच पाय की वो."

गुंडूआण्णा पुढं सरकून बघत होते. गुळव्या वळला. डावीकडं वळला. आणि त्याचा उजवा हात हवेत पुढं सरकला.

"आक्का," ते म्हणाले, "सायकल बी नेली त्यांनी."

मला तेव्हा कळलं. त्या काळ्या पोशाखावरच्या गोळ्यांनी हाडन् हाड उचललं होतं आणि संगणकात घालून दुसऱ्याच्या अंगाला चिकटवलं होतं. मी चेहऱ्याचा दर लावला होता, पाठीचा लावला होता, ओरडण्याचा, रडण्याचा, म्हशीचा लावला होता. चालीलाही दर असतो, हे या धंद्यात मला कुणी सांगितलं नव्हतं. ती माणसाबरोबर आपोआप गेली, भाजीबरोबर कोथिंबिरीच्या चार काड्या फुकट द्याव्यात तशी.

निशांतला मी किती फोन केले सांगत नाही. तो उचलत नव्हता. पण सिरीज चालली, दुसरा भाग ठरला, आणि तो जागा बघायला एका गुऱ्हाळावर येणार असल्याचं मला गुऱ्हाळवाल्यानंच सांगितलं. मी त्याच्या आधी जाऊन बसले. तो गाडीतून उतरला आणि मला बघून हसला.

"मॅम! तुम्हालाच फोन करणार होतो."

"त्यो नंतर करा. गुंडूआण्णांच्या पायाचं काय करणार ते सांगा."

"मॅम, तो आमच्या अॅनिमेशन टीमसाठी रेफरन्स होता."

"आमचा माणूस हाय त्यो. रेफरन्स न्हाय."

"कागदावर त्यांची सही आहे. शिवाय चाल ही कुणाच्या मालकीची नसते. तो गुळव्या या कॅरेक्टरचा भाग आहे, आणि कॅरेक्टरचे हक्क आमच्याकडे आहेत."

"गुळव्या गुऱ्हाळातला न्हवं? काहिलीत पडून मेलेला?"

"हो."

"मग त्यानं हातात सायकल कशाला धरलीया?"

त्याला कळेना. मी त्याच्याच मोबाईलवर तो सीन लावायला लावला. वळतानाचा हात दाखवला. फौंड्री सांगितली, सायकल सांगितली, उचगाव ते शिरोली रस्ता सांगितला. गुऱ्हाळवाला काठी टेकून बघत होता. तो म्हणाला, "आयला, खरंच की. हँडलच वळवतोय गडी."

निशांतनं तो सीन मागं नेऊन पुन्हा बघितला. तो वाईट माणूस नसावा. मग म्हणाला, "मॅम, पण जुन्या सिनेमांतसुद्धा त्यांचं नाव कुठेच नाही. आमच्या लीगल टीमनं तपासलं. फक्त प्रश्नचिन्ह आहे. उद्या आम्ही नाव दिलं आणि दुसराच कोणी उभा राहिला तर?"

आम्ही इतकी वर्षं तोंड मिटून पाळलेला शब्द त्यानं आमच्यावरच उलटवला. मी त्याला काय बोलले ते या अंकात छापता येणार नाही. त्यानं पाकीट काढलं. मी आयुष्यात कुणाचं पाकीट परत केलेलं नाही, ते केलं. मग त्यानं दुसऱ्या भागातल्या सगळ्या गर्दीचं काम देऊ केलं. तेही नको म्हटलं. मी नाव मागितलं. सिरीज सुरू होताना पहिल्या पाटीवर लिहा: गुळव्याची चाल, गुंडूआण्णांची. एवढंच. तो म्हणाला, "वरती विचारावं लागेल." मी घरी पोचेपर्यंत गर्दीचं काम दुसऱ्या को-ऑर्डिनेटरनं घेतलं होतं. त्याला माझेच दर मिळाले.

हे इथं थांबलं असतं तर मी कदाचित गिळलं असतं. धंद्यात फटका बसतो, माणूस पुढचा सौदा जास्त डोकं लावून करतो.

पण गुंडूआण्णा रोज सकाळी डेअरीत दुधाला जातात. सिरीज आल्यावर रस्त्यावरची पोरं त्यांच्या मागं लागली. "आजोबा, गुळव्याची अॅक्टिंग करताय काय?" त्यांनी सांगितलं, "आरं, ह्यो माझाच पाय हाय." पोरं आणखी हसली. एकानं त्यांचं चालणं मोबाईलवर काढलं, मागं सिरीजचं संगीत लावलं आणि टाकलं. लाखभर लोकांनी बघितलं म्हणे. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'आजोबा छान, पण ओरिजिनल गुळव्याची सर नाही.' आणि कंपनीच्या स्वतःच्या पानावर तो व्हिडिओ आला. 'आमचा सगळ्यात गोड फॅन, उचगावहून', असं त्यावर लिहिलं होतं.

त्या दिवसापासून गुंडूआण्णांनी सरळ चालायचं ठरवलं. माझ्यादेखत ओट्यावर ते डावं पाऊल सरळ टाकायला शिकत होते. इंदूवहिनी शेजारी उभी राहून सांगत होती, "आता बरूबर पडलं. आता न्हाय." चिकटलेली बोटं तशी पडत नाहीत. आठवड्याभरात टाचेचं कातडं फाटलं. डॉक्टरांनी पाय हलवू नका म्हणून सांगितलं. बरं वाटल्यावर त्यांनी गोठ्यातली जुनी सायकल काढली. टायरमध्ये हवा नाही, चेन नाही. ती उजव्या हातात धरून ते आता मागच्या बोळानं डेअरीला जातात. मी विचारलं, "आण्णा, आता आधार लागतोय का?"

ते म्हणाले, "आधार न्हाय गं. हात रिकामा दिसला की पोरं वळखत्यात."

गेल्या महिन्यात मी पुन्हा सगळ्यांना फोन केले. बापूंचा मुलगा म्हणाला, मी हक्क विकले, आता कंपनीला विचारा. निशांत म्हणाला, मी आता तिथं नाही, दुसऱ्या ठिकाणी आहे. कंपनीतली बाई म्हणाली, मेल करा. तो नट भला माणूस आहे म्हणून ऐकलं होतं, त्याच्या सेक्रेटरीनं सांगितलं की सर कॅरेक्टरमध्ये आहेत, डिस्टर्ब करू नका. कुणाच्या कॅरेक्टरमध्ये आहेत, ते मी विचारलं. फोन ठेवला गेला.

बापूंना दिलेला शब्द मी या लेखात मोडला आहे. गुळव्यापुढच्या प्रश्नचिन्हाच्या जागी गुंडूआण्णांचं नाव मी लिहिलं, ते छापूनही आलं. आता पैसे नकोत, काम नको, माफीही नको. दुसरा भाग यायच्या आत त्या कंपनीच्या कुणीतरी, मग तो मालक असो, वकील असो नाहीतर तो उंच नट असो, उचगावात यावं. गाडी दारापर्यंत येते. गुंडूआण्णांच्या ओट्यासमोर उभं राहावं, आणि आण्णांनी उद्या सकाळी दुधाला कसं चालत जायचं, ते त्यांना स्वतः चालून दाखवावं.